पहिल्या क्रमांकाची परिचारिका

परिचारिका हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल उभी राहते. शाळेत तिच्यावर निबंध लिहून आपण गुणही मिळविलेले असतात. त्या मानाने एथेल फेनविक हे नाव आपल्या महाविद्यालयात फारसे कोणी ऐकले असेल असे वाटत नाही. परंतु नर्सिंग शिकणाऱ्या कोणत्याही मुलीला विचारा, ती हे नाव सांगेल. माझी थोरली बहीण ए.एन.एम. झाली, तेव्हा तिच्या अभ्यासाच्या वह्या घरात पडलेल्या असत. मी कला शाखेची विद्यार्थिनी, इतिहास हा माझा विषय. त्यामुळे त्या वह्यांतला इंजेक्शनांचा भाग सोडून नर्सिंगच्या इतिहासाचा भाग मी वाचून काढला, आणि तिथे मला ही बाई भेटली. पुढे ग्रंथालयातून मिळेल ते वाचले. नाइटिंगेलने परिचारिकेला मान मिळवून दिला, हे खरेच. पण परिचारिका म्हणजे नेमकी कोण, तिने काय करावयाचे व काय नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न फेनविकबाईंनी लावून धरला. तोही थोडाथोडका काळ नव्हे, सुमारे साठ वर्षे.

त्यांचा जन्म २६ जानेवारी १८५७ चा, स्कॉटलंडमधील एल्गिन गावाजवळचा. माहेरचे नाव एथेल गॉर्डन मॅन्सन. वडील त्या लहान असतानाच वारले. आईने जॉर्ज स्टोरर नावाच्या गृहस्थाशी दुसरा विवाह केला. हे सावत्र वडील पुढे पार्लमेंटचे सभासद झाले. नॉटिंगहॅमशायरमधील त्यांच्या मोठ्या घरात एथेल वाढली. म्हणजे घरची ददात नव्हती, नोकरचाकर होते, आणि अशा घरातल्या मुलीने पियानो वाजवावा, पत्रे लिहावीत व योग्य स्थळ आले की लग्न करावे, अशीच अपेक्षा होती. त्याऐवजी एकविसाव्या वर्षी, १८७८ मध्ये, ही मुलगी नॉटिंगहॅमच्या मुलांच्या इस्पितळात उमेदवारी करू लागली. तीसुद्धा पदरचे पैसे भरून! त्या काळी श्रीमंत घरच्या मुली अशा तऱ्हेने शिकत. गरीब घरच्या मुली पगारावर राहून काम करता करता शिकत. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे त्यांच्या विचारांत तो वारंवार डोकावतो.

मँचेस्टरच्या रॉयल इन्फर्मरीत वर्षभर काढून त्या लंडनच्या पूर्व भागातील लंडन हॉस्पिटलमध्ये वॉर्डाच्या सिस्टर झाल्या. आणि १८८१ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, सेंट बार्थोलोम्यूज या इस्पितळाच्या मेट्रन! हे इस्पितळ ११२३ साली स्थापन झालेले, लंडनमधील अतिशय जुन्यांपैकी एक. चोवीस वर्षांच्या मुलीच्या हाती तिथला सारा परिचर्या विभाग आला. तिथे त्यांनी शिक्षणाची मुदत वाढवून तीन वर्षांची केली. तीन वर्षे का, हे समजणे अवघड नाही. वॉर्डातली कामे हाताला यायला वर्ष पुरते, पण रोग्यात झालेला बदल ओळखून डॉक्टरला वेळेवर सांगता येण्यासाठी तेवढे पुरत नाही.

१८८७ मध्ये डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी नोकरी सोडली. वयाची तीसच वर्षे झाली होती. दुसरी एखादी बाई संसारात रमली असती. त्यांना एक मुलगाही झाला. पण नोकरी सुटली आणि त्यांचे खरे काम सुरू झाले, असेच म्हणावे लागेल. लंडनच्या अपर विंपोल स्ट्रीटवरील २० क्रमांकाच्या त्यांच्या घरात त्याच वर्षी ब्रिटिश नर्सेस असोसिएशनची स्थापना झाली. व्हिक्टोरिया राणीची कन्या प्रिन्सेस ख्रिश्चन अध्यक्षा झाल्या. मागणी एकच होती : डॉक्टरांची सरकारी नोंदवही १८५८ च्या कायद्याने सुरू झाली, तशी परिचारिकांचीही असावी. ठराविक मुदतीचे शिक्षण, सर्वांना एकच परीक्षा आणि उत्तीर्ण होणारीचे नाव नोंदवहीत.

आज आपल्याला यात वावगे काय ते कळत नाही. मग घोडे अडले कुठे?

ते समजण्यासाठी त्या वेळची स्थिती पाहिली पाहिजे. इंग्लंडमध्ये तेव्हा कोणीही स्त्री स्वतःला नर्स म्हणवून घेऊ शकत असे. तीन वर्षे शिकलेली नर्स, सहा महिने वॉर्ड झाडून बाहेर पडलेलीही नर्स, आणि मूल सांभाळणारी दाईही नर्सच. घरी आजारी माणूस असणाऱ्याने ओळखावे तरी कसे? दुसरीकडे मोठ्या इस्पितळांचे हितसंबंध होते. लंडन हॉस्पिटल दोन वर्षांतच प्रमाणपत्र देई, आणि आपल्या नर्सेस खासगी घरांत शुश्रूषेसाठी पाठवून त्यांची फी इस्पितळाच्या तिजोरीत जमा करी. तीन वर्षांचा नियम झाला तर हे गणित बिघडणार होते. तेथील मेट्रन ईव्हा लकीज यांनी नोंदणीला कडाडून विरोध केला. इस्पितळांच्या व्यवस्थापनात वजन असलेले हेन्री बर्डेट हेही कट्टर विरोधक बनले.

आणि सर्वांत मोठा विरोध होता तो खुद्द नाइटिंगेलबाईंचा. हे वाचले तेव्हा मी चकित झाले. पण त्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. परिचारिकेची माया, सचोटी आणि रात्रीबेरात्री जागे राहण्याची तयारी परीक्षेत मोजता येत नाही. एकदा नाव नोंदवहीत गेले की ती बाई पुढे चांगली राहिली की नाही हे नोंदवही कशी सांगणार, असे त्यांचे म्हणणे होते. शिकविणाऱ्या मेट्रनने आपल्या शिष्येबद्दल दिलेली ग्वाही त्यांना अधिक मोलाची वाटे. फेनविकबाईंना हे मान्य नव्हते, आणि येथे मी त्यांच्या बाजूची आहे. मेट्रनची ग्वाही म्हणजे मेट्रनची मर्जी. मर्जी गेली की आयुष्यभराचे शिक्षण वाया. सरकारी नोंदवहीत नाव असले तर एका इस्पितळातून निघालेली बाई दुसरीकडे ताठ मानेने जाऊ शकते. ज्यांच्या घरात आजवर कोणाकडे छापील प्रमाणपत्र नव्हते, त्यांना त्या कागदाची किंमत अधिक कळते!

१८९३ मध्ये असोसिएशनला राजसनद मिळाली, परंतु विरोधकांनी तिची धार बोथट करून टाकली होती. सनदेने परिचारिकांची यादी ठेवण्याची मुभा दिली, नोंदवहीची नाही. यादी आणि नोंदवही यांत काय एवढे, असे कोणी म्हणेल. यादी कोणालाही करता येते, तिच्यामागे कायदा नसतो. पुढे त्याच संघटनेत मतभेद होऊन फेनविकबाईंना बाजूला व्हावे लागले. पण हात बांधून बसणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. नर्सिंग रेकॉर्ड हे साप्ताहिक त्यांनी संपादक म्हणून हाती घेतले. १९०२ पासून त्याचे नाव ब्रिटिश जर्नल ऑफ नर्सिंग झाले, आणि पन्नासहून अधिक वर्षे त्या ते चालवीत राहिल्या. लेखणी फार तिखट होती. प्रतिपक्षाला त्या कधी सोडीत नसत, आणि पुष्कळदा मित्रपक्षालाही.

मध्यंतरी शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस जाऊन आल्या होत्या. तिथल्या परिचारिकांशी स्नेह जुळला. १८९७ च्या ग्रीक-तुर्की युद्धात ग्रीक जखमींच्या शुश्रूषेसाठी गेलेल्या परिचारिकांचे नेतृत्व त्यांनी केले. आणि १८९९ मध्ये इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस ही जागतिक संघटना उभी राहिली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्षा. १९०४ पर्यंत हे पद त्यांच्याकडे होते. गंमत अशी की ज्या देशात ही चळवळ जन्मली तो देश मागेच राहिला आणि इतर पुढे गेले. न्यूझीलंडने १९०१ मध्येच परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेतील चार राज्यांनी १९०३ मध्ये तसे कायदे केले.

खुद्द इंग्लंडमध्ये सुइणींसाठी मात्र १९०२ मध्ये कायदा झाला. हा कायदा मला विशेष वाटतो, कारण कार्यकक्षा म्हणजे काय ते त्यात स्पष्ट दिसते. सरळ बाळंतपण सुइणीने स्वतःच्या जबाबदारीवर करावे. आडवे आले, रक्तस्राव थांबेना, ताप चढला, तर डॉक्टरला बोलवावेच लागेल. १९१० नंतर प्रमाणपत्र नसलेल्या बाईला पैसे घेऊन नियमितपणे हे काम करण्यास बंदी झाली. म्हणजे सुइणीच्या बाबतीत कायद्याने तिचे काम आखून दिले, तिच्या हद्दीही सांगितल्या, आणि त्या हद्दीच्या आत तिला मुखत्यार केले. परिचारिकेला यातले काहीच मिळाले नव्हते.

१९०४-०५ मध्ये पार्लमेंटच्या समितीने नोंदणीच्या बाजूने शिफारस केली. ती कागदावरच राहिली. १९०८ मध्ये लॉर्ड अँप्टहिल यांनी मांडलेले विधेयक उमरावांच्या सभागृहात मंजूर झाले, पण पुढे सरकले नाही. हे अँप्टहिल म्हणजे मद्रासचे गव्हर्नर, १९०४ मध्ये काही महिने हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉयही होते. असो. दरवर्षी विधेयक मांडायचे आणि दरवर्षी ते बारगळायचे, असा क्रम चालू राहिला. स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. मतदार नसलेल्यांचे विधेयक कोण मनावर घेतो? मताधिकाराच्या चळवळीला फेनविकबाईंचा पाठिंबा होता तो उगीच नव्हे.

मग १९१४ चे महायुद्ध आले. थोडेसे शिक्षण घेतलेल्या स्वयंसेविका हजारोंनी इस्पितळांत दाखल झाल्या. लोक त्यांनाही नर्सच म्हणू लागले. तीन-तीन वर्षे शिकलेल्या परिचारिकांना हे झोंबले. १९१६ मध्ये कॉलेज ऑफ नर्सिंग ही नवी, अधिक बलवान संस्था निघाली, तिलाही नोंदणी हवी होती, पण फेनविकबाईंच्या अटींवर नव्हे. दोन गट भांडत राहिले. अखेर आरोग्यमंत्री अॅडिसन यांनी सरकारचेच विधेयक आणले आणि डिसेंबर १९१९ मध्ये परिचारिका नोंदणी कायदा झाला. असोसिएशनच्या स्थापनेपासून बत्तीस वर्षे! नाइटिंगेलबाई १९१० मध्येच गेल्या होत्या.

नोंदवही १९२१ च्या सप्टेंबरअखेर उघडली आणि पहिल्या क्रमांकावर नाव लिहिले गेले ते एथेल फेनविक यांचे. या नोंदवहीची रचना पाहण्यासारखी आहे. एक मुख्य भाग, सर्वसाधारण परिचारिकांचा. त्याखाली पुरवणी भाग : पुरुष परिचारक, मनोरुग्णांची शुश्रूषा करणारे, मंदबुद्धी रुग्णांची शुश्रूषा करणारे, आजारी मुलांच्या परिचारिका आणि साथीच्या तापाच्या इस्पितळांतील परिचारिका. पुरुषाने कितीही शिक्षण घेतले तरी त्याचे नाव पुरवणीतच. यामागे त्या काळच्या समजुती होत्या. मात्र एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कोणत्या भागातल्या परिचारिकेने कोणते काम करावे वा करू नये, हे या कायद्याने सांगितलेच नाही. त्याने फक्त नावाचे रक्षण केले. नोंदणी नसताना नोंदणीकृत परिचारिका म्हणवून घेणे हा गुन्हा झाला, पण नोंदणी नसताना शुश्रूषेचे काम करणे गुन्हा ठरला नाही. नाव आणि काम या दोहोंना एकत्र बांधणारा कायदा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९३८ मध्ये केला. त्यात पूर्ण शिकलेली आणि कमी मुदतीचे शिक्षण घेतलेली, अशा दोन प्रकारच्या परिचारिकांची कामे वेगवेगळी आखली गेली.

नावाचे रक्षण की कामाचे, हा भेद पुस्तकी वाटेल, पण मला तो पुस्तकाआधी घरात कळला. माझी आई तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात अठरा वर्षे मावशी म्हणून काम करते. शिक्षण चौथी. तिचे काम झाडलोट, बेडपॅन, रोग्याला पुसून काढणे. पण सिस्टर हजर नसली की सलाइन संपले तर बंद करणे, ताप लिहून ठेवणे हेही तिच्याकडेच येते. काम सिस्टरचे, पगार मावशीचा, आणि काही बिघडले तर बोल मात्र तिलाच लागणार! त्याच दवाखान्यात दहावी झालेल्या दोन मुली पांढरा कोट घालून सिस्टर म्हणवून घेतात; त्यांच्याजवळ कोणत्याही कौन्सिलचा कागद नाही. उलट माझी बहीण ज्या उपकेंद्रात आहे तिथे तिची कार्यकक्षा लेखी आहे. गरोदर बायांची तपासणी, लसी, साधे बाळंतपण. सपाट प्रदेशात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र हे सरकारी प्रमाण. पूर्वी तिच्यासारख्या ए.एन.एम.ला बाळंतपणातला रक्तस्राव थांबविण्याचे औषध स्वतःहून देता येत नव्हते. गेल्या वीसेक वर्षांत सरकारने ती मुभा दिली, झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पुढे पाठविण्याचीही दिली. कारण मोठे इस्पितळ गाठेपर्यंत बाई राहत नाही, हे दिसून आले होते. म्हणजे कार्यकक्षा ही दगडावरची रेघ नव्हे. गरजेप्रमाणे ती सरकते. मात्र ती कोणी, कशाच्या आधारे सरकवली हे कागदावर असावे लागते. आईच्या बाबतीत ती रोज सरकते, आणि कागद कुठेच नाही.

आता फेनविकबाईंनी माझ्या आईचे काय केले असते? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. उत्तर फारसे सुखाचे नाही. नोंदवही उघडली तेव्हा कायदा होण्यापूर्वी तीन वर्षे प्रत्यक्ष काम केलेल्या, पण रीतसर शिक्षण नसलेल्या परिचारिकांना काही मुदतीपुरते दार उघडे ठेवावे लागले होते. नोंदणी समितीच्या प्रमुख फेनविकबाई. प्रत्येक अर्ज त्या इतक्या कसोशीने तपासू लागल्या की कामाचा डोंगर साचला. सहकारी कंटाळले, आणि १९२१ च्या डिसेंबरात बऱ्याच सभासदांनी राजीनामेच दिले. नोंदणीची फी एक गिनी होती. गरीब परिचारिकेला ती जड जात असणार. त्यांच्या डोळ्यांसमोरची परिचारिका सुशिक्षित, चांगल्या घरातली होती. वॉर्डात पदरचे पैसे भरून शिकलेल्या मुलीला असेच वाटणार, हे मी समजू शकते. पण समजणे आणि पटणे वेगळे. १९२३ मध्ये पार्लमेंटनेच मध्ये पडून जुन्या, अनुभवी परिचारिकांसाठी अटी सैल केल्या. तोवर फेनविकबाई कौन्सिलवर नव्हत्या. कौन्सिलच्या पहिल्याच निवडणुकीत परिचारिकांनी त्यांना पाडले होते! ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्यांनीच मते दिली नाहीत. यात कृतघ्नपणा होता असे मला वाटत नाही. ज्या बायकांचे अर्ज त्यांच्या टेबलावर महिनोन्महिने पडून होते, त्यांनी आणखी काय करावे?

पण दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. त्या कसोशीमुळेच नोंदवहीतल्या नावाला किंमत आली. नोंदवही उघडताच ज्याला त्याला आत घेतले असते, तर तीस वर्षे भांडून मिळविलेला कागद आणि इस्पितळांच्या जुन्या याद्या यांत फरक उरला नसता. दार किती उघडावे, हा प्रश्न त्यांनी चुकीच्या बाजूने सोडविला असे माझे मत. दार असलेच पाहिजे, हे मात्र त्यांच्याशिवाय झाले नसते.

पडल्यावरही त्या गप्प बसल्या नाहीत. १९२६ मध्ये एक लाख पौंडांच्या देणगीतून त्यांनी ब्रिटिश कॉलेज ऑफ नर्सेस काढले. जर्नल चालूच होते. त्यांच्या उतारवयातला मोठा धक्का १९४३ चा. दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांचा तुटवडा होता आणि पूर्ण शिक्षण न झालेल्या हजारो बायका प्रत्यक्षात इस्पितळे चालवीत होत्या. सरकारने नवा कायदा करून त्यांच्यासाठी सहायक परिचारिकांची निराळी पटावली सुरू केली. रजिस्टर वरच्यांचे, रोल खालच्यांचा. शहाऐंशी वर्षांच्या फेनविकबाईंना हे मुळीच रुचले नाही. कमी शिकलेल्यांना कायद्याने नर्स म्हटले की पुरी शिकलेलीची गरजच कोणाला वाटणार नाही, अशी त्यांची भीती होती. सरकारची अडचण वेगळी होती. त्या बायका कामावर होत्याच. त्यांना नाव न देण्याने त्या नाहीशा होणार नव्हत्या. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही.

१३ मार्च १९४७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी व आरोग्य भेटिका यांच्या नोंदणीचा कायदा त्याआधीच, १९३५ मध्ये आलेला होता. १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका कायदा आला. केंद्राने २०२३ मध्ये परिचर्या आयोगाचा नवा कायदा केला आहे. आणि इंग्लंडमध्ये तो रोल पुढे बंद पडला, तरी पूर्ण परिचारिका आणि मदतनीस यांच्या मधली एक नवी पायरी तिथे पुन्हा काढावी लागली. नर्सिंग असोसिएट या नावाने तिची नोंदणी जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली. इतर पुष्कळ जणींप्रमाणे वॉर्डात मदतनीस म्हणून काम केलेल्या बायकांनाही दोन वर्षे काम करता करता शिकून त्या नोंदवहीत नाव घालता येते.